नमुन्याच्या खणातली रेकॉर्ड

ठाण्याच्या स्टेशनरोडवर ग्रामोफोनच्या एका दुकानात मी अकरा वर्षं नोकरी केली, आणि त्या नोकरीत माझ्या हाताला सगळ्यांत जास्त सवय कशाची लागली असेल तर हातोडीची. हे सांगितलं की लोकांना थट्टा वाटते. गाणं विकणाऱ्याला हातोडी कशाला? म्हणून आधी तेच सांगून टाकतो. माझा जन्म, शिक्षण आणि मालकांनी मला कसं ठेवून घेतलं, यात वाचकाला काही रस असण्याचं कारण नाही.

त्या काळी रेकॉर्डी लाखेच्या असत. लढाईत लाखेचा तुटवडा पडला, तो लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, तरी काही वर्षं हटला नाही. मुंबईतला आमचा घाऊक व्यापारी नवा माल देताना जुन्या रेकॉर्डी परत मागायचा. त्या दळून, वितळवून त्यांच्याच नव्या व्हायच्या. पण सबंध रेकॉर्ड पाठवली तर वाटेत कुणीतरी काढून विकेल, म्हणून ती लेबलावरून आरपार फोडून गोणीत भरायची, असा दंडक होता. लोक घरातल्या नको झालेल्या रेकॉर्डी आणून द्यायचे, दुकानात न खपलेल्या असायच्या, त्या सगळ्या माझ्या हातोडीखाली यायच्या. दुपारी दुकान बंद असे, मालक भाऊसाहेब जेवून लवंडायला घरी जात, आणि मी मागच्या खोलीत गोणपाट अंथरून फोडायला बसे.

पहिलं वर्षभर मी नुसता फोडत गेलो. लेबल बघायचं, नंबर वहीत खोडायचा, हातोडी मारायची. वय बावीस, हातात नोकरी आणि कुणी विचारणारं नाही, मग काय! त्या वर्षात एकदा निळ्या लेबलाच्या, मोराचं चित्र असलेल्या कुठल्याशा लहान कंपनीच्या एकाच नंबरच्या रेकॉर्डी निघाल्या. गठ्ठाच होता, एकही कव्हराबाहेर काढलेली नव्हती. लेबलावर छापलं होतं, ‘मिस नामी, ठाणे. धवला, क्लॅरनेटसह’. मी भाऊसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, “अरे, लढाईच्या आधीचा पडेल माल आहे तो. कंपनीसुद्धा बुडाली. फोड.” मी फोडल्या.

ऐकल्याशिवाय फोडायचं नाही हा नियम मी स्वतःला नंतर घालून घेतला. त्यात पुण्य वगैरे काही नव्हतं. दुपारी त्या खोलीत नुसतं ठाकठूक करून कंटाळा यायचा, म्हणून ग्रामोफोनची एक जुनी चावीची पेटी ठेवून घेतली आणि प्रत्येक रेकॉर्ड एकदा लावून मग फोडायला लागलो. साडेतीन मिनिटांची एक बाजू. ऐकता ऐकता कान तयार झाले, आणि त्यांना भलत्याच गोष्टींची चटक लागली. एक कीर्तनकार बुवा निघाले, त्यांच्या अभंगामागे कुणीतरी चर्चमध्ये वाजवावा तसा पियानो वाजवत होतं आणि बुवांना त्याचं काही वाटत नव्हतं. एक लावणी निघाली, तिच्यामागे ढोलकीच नव्हती, एकटं व्हायोलिन होतं, आणि ती लावणी ऐकून अंगावर काटा आला होता. ना इकडचं ना तिकडचं असलं हे गाणं. दुकानाच्या यादीत त्याला खण नव्हता. भक्तिगीतं, नाट्यगीतं, सिनेमाची, शास्त्रोक्त, एवढे खण; जे यांत बसणार नाही त्याला गोणी. मी अशा रेकॉर्डी बाजूला काढायला लागलो आणि गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारायला लागलो. भाऊसाहेब एकदा म्हणाले, “रेकॉर्ड विकायची असते, समजावून सांगायची नसते.” माझ्या डोक्यात तेव्हा हवा होती, त्यामुळे ते मला पटलं नाही.

डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी बदली झाली म्हणून घरातलं रेकॉर्डींचं खोकं आणून टाकलं, त्यात एका भजनाच्या कव्हरात ती सापडली. मोराचं निळं लेबल. मिस नामी, ठाणे. मी ती पेटीवर ठेवली.

आता धवला म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या ठाणे-कल्याणकडच्या आगरी लोकांत, म्हणजे भातशेती आणि मिठागरं करणाऱ्या जुन्या लोकांत, लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यावर. ही बाईच असते. हळद, तेल, पाठवणी, प्रत्येक विधीचा तिच्याकडे एकेक धवला असतो, आणि ती गात नाही तोवर विधी झाला असं कुणी मानत नाही. चाल दोन-चार सुरांची. वाद्य नाही, ताल नाही. लांब, संथ, एका श्वासात जाईल तेवढी ओळ, आणि मग थांबा. लग्नघरावरून जाताना मी हे लहानपणापासून ऐकत होतो आणि त्याला गाणं म्हणतात हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पहिल्या बाजूला क्लॅरनेट घाबरत घाबरत बाईच्या मागून चालतो. दुसऱ्या बाजूला मात्र काहीतरी घडतं. बाईचा आवाज मोठा, उघडा, खळ्यावरून हाक मारावी तसा. आणि तिची ओळ संपते तिथून क्लॅरनेट निघतो, पण तिच्या सुरावर येत नाही. अगदी शेजारून जातो, सारंगासारखं काहीतरी करतो, तिच्या पुढच्या ओळीच्या पायरीशी येऊन थांबतो, आणि बाई त्याच्याकडे ढुंकूनही न बघता पुन्हा सुरू करते. मी हातातली हातोडी खाली ठेवली. ती बाजू मी त्या दुपारी पाच-सहा वेळा लावली. मग आठवलं की हीच मी गठ्ठ्याने फोडली होती.

इथून पुढे मी जे केलं ते माझ्या धंद्यातला माणूसच करू शकतो. प्रत्येक दुकानात नमुन्याचा खण असतो. गिऱ्हाइकाला ऐकवायची प्रत त्यात ठेवायची, विकायच्या कोऱ्या प्रती मागच्या फडताळात. नमुन्याची प्रत झिजण्यासाठीच असते. ती खरखरायला लागली की गोणीत टाकायची आणि दुसरी काढायची. मी मिस नामीची रेकॉर्ड नमुन्याच्या खणात ठेवली. वर्षानुवर्षांची हाताची सवय. या नमुन्यामागच्या फडताळात दुसरी प्रत नव्हती, कारण त्या सगळ्या माझ्याच हातोडीने गेल्या होत्या, एवढा साधा विचार मी केला नाही.

तेव्हाची सुई पोलादाची. एका बाजूला एक सुई, मग ती फेकून द्यायची, असं मी रोज गिऱ्हाइकांना बजावत असे. बोथट सुई रेकॉर्डीची रेघ खाते. आणि जिथे आवाज मोठा तिथे रेघ जास्त नागमोडी, तिथे सुई जास्त खाते. बारीक आवाज त्या मानाने टिकतो. हलक्या हाताने ऐकायचं तर बाभळीचा काटा तासून लावायचा, त्याने रेकॉर्ड शाबूत राहते, पण आवाज बारीक निघतो. दुकानासमोर टांगे, फेरीवाले, घंटा. काट्याच्या आवाजात गिऱ्हाइकाला काय ऐकू जाणार? मी मोठ्या आवाजाची जाड सुई लावायचो. आणि दुसरीच बाजू लावायचो. पहिली लावून वेळ कोण घालवतो?

दोन वर्षं मी ती बाजू दिसेल त्याला ऐकवली. नौपाड्यातले एक वकील होते, त्यांना फक्त शास्त्रोक्त चालायचं. डोळे मिटून पूर्ण ऐकली आणि म्हणाले, “राग कोणता?” मी म्हटलं, “राग नाही, दोन माणसं आहेत.” तर म्हणाले, “मग आम्ही काय ऐकायचं?” आणि छत्री घेऊन गेले. कोपरीचा एक मिठागरवाला मुलाच्या लग्नासाठी सिनेमाच्या रेकॉर्डी घ्यायला आला होता. त्याला वाटलं मी त्याची टिंगल करतोय. त्याचा चेहरा उतरला. “ह्ये त आमचे घरान बाया गातान,” तो म्हणाला. “ह्याला पेटी कशाला पायजे? ती सिनेमाची दाखव.” बँडवाल्यांना क्लॅरनेट बेसूर वाटला. कॉलेजातल्या मुलांना बाई बेसूर वाटली. शेवटी शेवटी लोक म्हणायला लागले, “खरखर फार आहे हो.” मी मनात म्हणायचो, गाढवाला गुळाची चव काय!

खरखर मला ऐकू येत नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. ज्याला गाणं पाठ असतं त्याला झिजलेली रेकॉर्ड झिजलेली वाटत नाही. जे गेलं ते कान आतून भरून काढतात. मी दोन वर्षं रेकॉर्ड ऐकत होतो की स्वतःची आठवण, हे आज मला सांगता येणार नाही.

मग कल्याणला एका मित्राच्या लग्नाला गेलो होतो. वरातीत बँड होता, सिनेमाचं गाणं चाललं होतं, आणि क्लॅरनेटवाला सुरावर उतरण्याआधी किंचित शेजारून उतरायचा. ते उतरणं मी झोपेतही ओळखलं असतं. वरात थांबल्यावर मी त्याला गाठलं. साठीचा, पान खाणारा, बँडचा लाल कोट घातलेला माणूस. कासममास्तर. मी रेकॉर्डचं नाव काढलं तर आधी त्याला आठवेचना. मग हसायलाच लागला.

“ती होय! अहो, ती फसलेली रेकॉर्ड,” तो म्हणाला. “आमच्या बँडची दोन गाणी भरायला आम्ही मुंबईला गेलेलो. आमच्यानंतर ही बाई. कोन मिठागरवाला तिला घेऊन आलेला, त्याला हौस. तिथला साहेब बोलला, नुसती बाई कोन घेनार, काहीतरी वाद्य पाहिजे. मी वाजा पेटीत भरत होतो, मलाच पकडला.”

“पण दुसऱ्या बाजूला तुम्ही जे केलंत...”

“काय केलं? मी तिचा सूर शोधत होतो. तो पट्टीत नव्हताच माझ्या. सापडेना, म्हणून बाजूबाजूने गेलो. एकदाच भरायला मिळालं, पुन्हा भरायला दुसरी मेणाची तबकडी साहेब देईना. बाहेर आल्यावर मी तिची माफी मागितली, तर ती बोलली, तुझा वाजा मना ऐकूच नाय आला.”

मी त्याला सांगितलं, की मास्तर, तुम्ही आयुष्यात वाजवलेलं सगळ्यांत मोठं काम ते आहे. त्याने माझ्याकडे दारू प्यायलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. पण जाताना म्हणाला, “ती नामीबाई आहे अजून. ठाकुर्लीच्या पुढे, खाडीच्या अंगाला. तिला नेऊन ऐकवा. तिने ती कधी ऐकलेली नाय. त्यांच्याकडे कुठली पेटी! आणि तिला आता ती पाहिजेच आहे.”

का पाहिजे, तेही त्यानेच सांगितलं. आदल्या पावसाळ्यात नामीबाई तापाने पडली होती. महिनाभराने उठली तेव्हा तिचे काही धवले गेले होते. बाकीचे एकेक करून परत आले. पाठवणीचा एक आला नाही. पूर्वार्ध यायचा आणि मग पुढे काही नाही. तो तिच्या आईचा होता, दुसऱ्या गावच्या धवलारणींकडे वेगळे होते. सुनांनी शिकून घेतला नव्हता. आणि वैशाखात तिच्या थोरल्या नातीचं लग्न होतं. घरातली प्रत्येक मुलगी त्या धवल्यावर घराबाहेर पडलेली, तशी ही पडावी, एवढंच म्हातारीचं म्हणणं होतं. रेकॉर्डीच्या पहिल्या बाजूला पूर्वार्ध होता. दुसऱ्या बाजूला उत्तरार्ध.

मला त्या दिवशी झालेला आनंद आज आठवला तरी लाज वाटते. आपण दोन वर्षं वेड्यासारखं जे जपलं त्याचा असा उपयोग व्हावा! ‘जपलं’ हाच शब्द तेव्हा माझ्या मनात होता.

पुढच्या रविवारी लहान पेटी खांद्याला लावून मी ठाकुर्लीला उतरलो. वीजघराच्या चिमण्या मागे टाकून बांधाबांधाने तासभर चालत गेलो. नामीबाई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. लुगडं गुडघ्याशी, कपाळाला मोठं कुंकू, अंगाने वाळलेली. लेबलावर जिला मिस छापलं होतं तिला रेकॉर्ड भरतानाच नातवंडं झालेली असणार.

“कोन र बाला? कुठशी आलास?”

“ठाण्याहून आलोय, आई. तुमची रेकॉर्ड आणलीय.”

तिने सूप बाजूला ठेवलं. हात लुगड्याला पुसले आणि रेकॉर्ड मांडीवर घेऊन मोरावरून बोट फिरवलं. “माजा गाना हाय क त्यान?”

“हो.”

घरातून सुना आल्या, शेजारच्या बायका आल्या, लग्न ठरलेली नात दाराआड उभी राहिली. मी ऐटीत चावी दिली. आधी पहिली बाजू लावली. ती जवळजवळ कोरी होती, तिच्यात बाईचा आवाज असा घणघणला की नात दाराआडून पुढे आली. नामीबाईने तोंडावर हात घेतला. ओळ संपायच्या आत तीच पुढची ओळ पुटपुटत होती. “ह्यो येते मना,” ती म्हणाली. “ह्याचे पुढचा लाव.”

मी बाजू उलटली. नवी सुई लावली. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, त्या बायकांच्या मध्ये बसून, मी ती दुसऱ्याच्या कानांनी ऐकली.

भात भाजताना चट्‌चट् व्हावं तशी खरखर. मग खरखरीतून क्लॅरनेट, बारीक पण स्वच्छ, एकेक वळण जागच्या जागी. पुन्हा खरखर. मोठा आवाज तिचा होता, सुईने तोच खाल्ला होता. जिथे जिथे ती गात होती तिथे काही नव्हतं. कुठे एखादा लांबवलेला स्वर ओळखू यायचा, शब्द एकही नाही.

नामीबाई मान पुढे करून ऐकत होती. अर्धी बाजू झाली तेव्हा तिने सुनेला हाताने गप्प केलं, कुणी बोलत नव्हतं तरी.

“मास्तर वाजवतंय,” ती मला म्हणाली. “मी कवा गानार?”

सुई मधल्या लेबलाशी जाऊन खर्र खर्र करत राहिली, ती मी उचलली. म्हटलं, “आई, तुम्ही गायलात. झालं ते. झिजलंय.”

“झिजला? कसा झिजला?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, जाड सुई, नमुन्याचा खण, नौपाड्याचे वकील. रागवेल असं वाटत होतं, रागवायला हवी होती. पण तिचा चेहरा उजळला. तिला त्यातलं एकच कळलं होतं.

“दोन वरसा आयकलास तू? रोजचे रोज?” ती म्हणाली. “मंग तुना पाठ असंल र बाला. रडतंस कशाला? तू सांग, मी उचलते.”

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. नात पुढे येऊन आजीजवळ बसली.

मी तोंड उघडलं. मला त्या बाजूचं सगळं येत होतं. कुठे ती श्वास घेते, कुठे सूर चढतो, कुठे किंचित हलतो, सगळं. मी गुणगुणायला लागलो आणि माझ्या गळ्यातून क्लॅरनेट आला. शब्द नव्हते. दोन वर्षं मी ती बाजू ऐकली, लोकांना त्यातली मजा सोडवून सांगितली, कोण कुणाच्या शेजारून कसं जातं ते हातवारे करून दाखवलं, आणि ती बाई काय सांगतेय हे एकदाही कान देऊन ऐकलं नव्हतं. तिची बोली मला अर्धीमुर्धी कळायची, उरलेली मी सुरात सोडून दिली होती.

नामीबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळू म्हणाली, “ह्यो त मास्तराचा हाय. माजा सांग.”

मी मान खाली घातली. सुनेने चहा आणला, तो मी प्यालो. निघताना म्हातारीने पेटी उचलायला हात लावला आणि लग्नाला ये म्हणून सांगितलं. मी आणखी प्रत कुठे मिळते का म्हणून कल्याणपासून मुंबईच्या चोरबाजारापर्यंत हिंडलो. ज्यांच्याकडे सापडण्याची शक्यता होती त्यांच्या रेकॉर्डी माझ्यासारख्याच कुणीतरी फोडून पाठवल्या होत्या. भाऊसाहेब म्हणाले, “तू एकटाच का जिवाला लावून घेतोस? सगळे फोडतात.” ते खरंच होतं आणि त्याने मला काडीचाही आधार वाटला नाही.

ऐकवायची हौस त्यानंतर गेली. पुढे काही वर्षं मी नोकरी केली. सिनेमाच्या रेकॉर्डी विकल्या, सुया विकल्या. मागे काढून ठेवलेली ती लावणी आणि तो अभंग घरी नेले. ते आजही माझ्याकडे आहेत. लावत नाही.

वैशाखात लग्नाला गेलो. जायचा धीर होत नव्हता, पण तिने बोलावलं होतं. मांडवाबाहेर कासममास्तरचा बँड उभा होता. पाठवणीची वेळ झाली, बायका अक्षता मुठीत धरून दाराशी थांबल्या, नातीने उंबऱ्यावर पाय ठेवला आणि नामीबाईने सूर लावला. आवाज थकला होता, पण तोच. पूर्वार्ध झाला. शेवटची ओळ तिने लांबवली, पुरेल तेवढी लांबवली, आणि थांबली. कुणी हललं नाही. मुलगी उंबऱ्यावर तशीच उभी. त्या शांततेत माझ्या डोक्यात क्लॅरनेट सुरू झाला, शेजारून वळला, पायरीशी येऊन थांबला. पुढची ओळ नेमकी कुठल्या क्षणाला सुरू होते ते मला ठाऊक होतं. तो क्षण आला आणि गेला. म्हातारी गर्दीत मला शोधत होती.